उपम्याचा लिलाव

दगाजी देवरे रोज सकाळी सव्वाआठला उपम्याचा लिलाव करतात. उपमा नसेल त्या दिवशी पोह्यांचा, आणि सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीचा.

म्हणजे होतं असं, की आमच्या संकुलाच्या भोजनगृहात सगळी मंडळी आपापल्या ताटल्या घेऊन निमूट बसलेली असतात. कोणी गोळ्यांची डबी उघडतंय, कोणी कवळी बसवतंय, कोणी वर्तमानपत्रात आधी निधनवार्ता वाचून घेतंय. एवढ्यात खिडकीजवळच्या टेबलापाशी दगाजी उभे राहतात. समोर जो कोणी सापडेल त्याच्या हातात आपला फोन कोंबतात, "धरा हो जरा, आडवा धरा," म्हणतात आणि शंभर ट्रॅक्टरांच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होतात.

"बघा, बघा, बघा! माल बघा! गरमागरम उपमा, वर शेव, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड! आजचा माल, ताजा माल, एक नंबर शे! बोला!"

कोणी बोलत नाही. बोलणार काय? उपमा गार असतो, शेव सादळलेली असते आणि खोबरं दिवाळीनंतर कोणाच्या नजरेस पडलेलं नाही.

हा व्हिडिओ त्यांच्या मुलीला जातो. रोज. मुलगी कुठे अमेरिकेत नाही, इथेच इंदिरानगरला राहते. रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर. अर्ध्या तासावरच्या बाईला रोज उपमा कसला दाखवायचा, असा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात पडला होता. दुसऱ्या आठवड्यात फोन माझ्या हातात आला. तिसऱ्या आठवड्यात मी टेबल बदललं.

'शे' म्हणजे 'आहे'. दगाजी बागलाणातल्या नामपूरचे. तिकडच्या अहिराणीतला हा शब्द ते येताना घेऊन आले, आणि बाकी सामान म्हणाल तर दोन पिशव्या आणि एक स्टीलचा तांब्या. नामपूरच्या कांदा मार्केटात पस्तीस वर्षं त्यांनी लिलाव पुकारला. ट्रॉलीमागून ट्रॉली, मागे व्यापाऱ्यांचा घोळका आणि पुढे हे, अशी त्यांची हयात गेली. त्यामुळे हळू बोलायचं असतं ही कल्पनाच त्यांना नाही. कानात सांगितलेलं गुपितही आमच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी मनातल्या मनात पूर्ण नाव घ्यायची, दगाजी. आईवडिलांनी बिचाऱ्यांनी नावातच जगाला सावध करून ठेवलं होतं.

आता थोडं माझ्याविषयी, म्हणजे मी कोणाला नावं ठेवतेय आणि कशाच्या जोरावर, ते कळेल. मी साळवे सिस्टर. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलात काढली, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती. एक दिवस दळणाचा डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसले आणि तिथेच ठरवलं. तीन वर्षं झाली मला इथे येऊन. त्र्यंबक रोडला शहर संपून भाताची खाचरं सुरू होतात, तिथे आमचं हे ज्येष्ठ नागरिकांचं संकुल आहे. बिल्डरने नाव ठेवलंय 'नवी पालवी'. पालवी फुटायची ती बागेतल्या कडुनिंबाला फुटते. आम्हाला फुटतो तो घाम, जिना चढताना.

माहितीपत्रकात सगळे म्हातारे पांढरेशुभ्र दात दाखवून हसतात. प्रत्यक्षात इथला मुख्य उद्योग तक्रार. डाळ पातळ, सोलरचं पाणी कोमट, शेजाऱ्याचा टीव्ही मोठा. यात कोणाला काही सुधारून हवं असतं असं समजू नका. तक्रार ही आमची ओळख करून घ्यायची रीत आहे. नवा माणूस आला की आठवडाभरात तो कशावर कुरकुरतो हे कळतं आणि मग त्याला त्या त्या टेबलावर जागा मिळते. डाळवाले वेगळे, टीव्हीवाले वेगळे.

रविवारी मात्र सगळं शांत. रविवारी मुलं भेटायला येतात. आमच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी अपराधीपणाची इतकी गर्दी होते की गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्या लागतात. प्रत्येक गाडीतून एक पपई उतरते. बापाला पपई आवडते की नाही, हे विचारायची पद्धत नाही. पपई ठेवायची, "छान आहे हो इथं, हवा किती मस्त," म्हणायचं, दोनदा घड्याळ बघायचं आणि निघायचं. सोमवारी स्वयंपाकघरात पपयांचा ढीग लागतो आणि मंगळवारी आम्हाला पपईची कोशिंबीर मिळते. हिच्यावरही तक्रार होते.

अशा ठिकाणी दगाजी देवरे आले आणि पहिल्या दिवशी पातळ डाळीची वाटी तोंडाला लावून ओरडले, "एक नंबर शे!" सगळ्या भोजनगृहाने माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. संपात फुटलेल्या कामगाराकडे बघतात तसं.

तेव्हापासून दीड वर्ष या माणसाने एका गोष्टीला नाव ठेवलं नाही. पाणी गेलं तर म्हणणार, "बादलीनं आंघोळ म्हणजे खरी आंघोळ." लिफ्ट बंद पडली तर, "पायाला चाल शे." वयाच्या शहात्तराव्या वर्षी अंगात पायजम्यावर भडक टी-शर्ट. एक पोपटी, एक गुलाबी, एकावर इंग्रजीत 'किंग' लिहिलेलं. आमचे प्राचार्य आहेत, एका कॉलेजातून निवृत्त झालेले, ते अजूनही नाश्त्याला इस्त्रीचा शर्ट घालून येतात. ते म्हणायचे, "सिस्टर, हा गृहस्थ कुठल्या क्रिकेट संघात आहे?"

प्राचार्यांचा राग समजण्यासारखा होता. दगाजी माणसांची प्रतवारी करायचे, कांद्यासारखी. संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. लाल कांदा म्हणजे दिसायला तजेलदार, पण साठवून राहत नाही. गोल्टी म्हणजे आकाराने बारीक, भावाला पडेल. प्राचार्य चांगले सहा फूट उंच, पण त्यांना "गोल्टी" म्हणून मोकळे झाले. प्राचार्य आठ दिवस कट्ट्याकडे फिरकले नाहीत.

मला म्हणाले, "सिस्टरबाई, तुम्ही उन्हाळ कांदा. वरची साल कडक, वास उग्र, पण चैत्रात काढून चाळीत साठवला तर दिवाळीपर्यंत टिकणार."

"आप्पा, माझ्या तोंडावर मला उग्र म्हणता?"

"उग्र शे म्हणून तर टिकतो!"

मी ताडताड खोलीवर गेले. पण खरं सांगायचं तर आरशासमोर उभी राहून जरा साल बघितली.

नवी गिऱ्हाईकं नमुना खोली बघायला आली की हे न बोलावता मागे लागायचे. मॅनेजरला सुरुवातीला बरं वाटलं. फुकटात जाहिरात. मग एकदा ओझरहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि मधे बसवलेले भेदरलेले वडील. दगाजींनी थेट वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज लावला.

"बाबा, बिनधास्त या! ही कांद्याची चाळ शे, चाळ! खालून हवा, वरून हवा. माणूस सडत नाही! आणि एखादा सडला तरी शेजारच्याला लागायच्या आत बाजूला काढतात. घरी मेला तर दोन दिवस कळत नाही. इथं दोन तासात कळतं. एक नंबर व्यवस्था शे!"

ते कुटुंब चहा न घेता गेलं. मॅनेजरने दगाजींना ऑफिसात बोलावून समजावलं. ते बाहेर येऊन आम्हाला सांगत होते, "मॅनेजर फार प्रेमळ माणूस शे. चहा दिला."

आमच्याकडे एक केतकी मॅडम येते. वय सव्वीस, हुद्दा 'आनंद समन्वयक'. दर तीन महिन्यांनी ती आमचा आनंद मोजते. कागदावर पाच चेहरे छापलेले असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. झोप कशी लागते, एकटं वाटतं का, इथे आल्यावर आयुष्य सुधारलं का, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे एका चेहऱ्यावर खूण करायची. प्राचार्य सगळीकडे मधल्या चेहऱ्यावर खूण करतात, कारण टोकाची मतं त्यांना पटत नाहीत. मी रागाने दुसऱ्यावर करते, म्हणजे निदान पडदे तरी बदलतील.

दगाजींनी कागद माझ्याकडे सरकवला. "सिस्टर, तुम्हीच खूण करा. सगळीकडे पाचवा. आणि त्याच्यापुढे एक सहावा काढा, जास्त हसणारा."

"तुम्ही काढा की."

"मला चित्रकला येत नाही."

"खूण करायला कसली चित्रकला?"

"चष्मा खोलीवर शे."

चष्मा टी-शर्टच्या गळ्याला अडकवलेला होता. मी तेव्हाच निदान केलं. मेट्रनला निदानाची सवय असते. या माणसाला लिहिता-वाचता येत नाही आणि तो ते लपवतोय. हे निदान मी माझ्यापाशी ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मी ते प्राचार्यांना सांगितलं. दोन दिवसांत ते डाळवाल्यांकडून टीव्हीवाल्यांकडे पोचलं.

आणखीही पुरावे जमत होते. प्रत्येक कार्यक्रमात हे पुढे, पण करायचे काही नाहीत. कॅरममध्ये स्वतः पंच. चित्रांच्या वर्गात दुसऱ्यांच्या चित्रांचं कौतुक. योगासनाला मागच्या रांगेत बसून "वर घ्या, वर घ्या हात, शाब्बास!" हे स्वतःचे हात खिशात घालून. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो उपमा. लिलाव झाला की ताटली डब्यात उलटी करून ते खोलीवर निघून जायचे. दीड वर्षात भोजनगृहात बसून एक घास खाल्लेला कोणी पाहिला नाही.

म्हणजे हा माणूस आम्हाला आणि मुलीला रोज खोटं सांगतो, खोलीवर जाऊन उपमा फेकून देतो आणि बिस्किटं खातो. माझी खात्रीच झाली. एका बुधवारी मी ठरवलं, आज याचं बिंग फोडायचं.

लिलाव संपला. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. वॉर्डात फेरीला जाताना चालायची तशी.

"आप्पा, उपमा एक नंबर आहे ना?"

"एक नंबर शे!"

"मग खा. आमच्यासमोर खा. आम्हालाही कळू दे एक नंबर माल कसा खातात."

मागे प्राचार्य खुदकन हसले. दगाजी म्हणाले, "मी खोलीवर निवांत खातो, सिस्टर."

"आज इथे निवांत खा." मी चमचा पुढे केला.

त्यांनी डावा हात पुढे केला.

"अहो, डाव्या हाताने जेवतात का आप्पा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा माणूस उंबऱ्यावर उभा राहून आत यावं की नाही याचा विचार करतो, तसं काहीसं होतं. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि चमचा घेतला.

पहिला घास तोंडापर्यंत पोचलाच नाही. निम्मा 'किंग'वर सांडला, निम्मा टेबलावर. ते परत भरायला गेले तर चमचा ताटलीच्या काठावर वाजायला लागला, टिकटिकटिकटिक, थांबेचना. सगळं भोजनगृह तो आवाज ऐकत होतं. थोडा उपमा उडून प्राचार्यांच्या वर्तमानपत्रावर गेला.

"घ्या प्राचार्य," दगाजी म्हणाले, "तुम्हालाही वाटा."

कोणी हसलं नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला, हात खिशात घातला आणि डबा न घेताच निघून गेले.

वॉर्डात आलेल्या पेशंटच्या हाताची थरथर मी दारातून ओळखायची. डॉक्टर यायच्या आधी मी सांगायची, हा कंपवात, ही दारूची थरथर, हा नुसता घाबरलाय. आणि हा माणूस दीड वर्ष माझ्यासमोर बिनबटणांचे टी-शर्ट घालून, फोन दुसऱ्याच्या हातात देऊन, खिशात हात घालून फिरत होता, आणि मी निदान काय केलं, तर निरक्षर. तेही चारचौघांत वाटून आले. माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने असं केलं असतं तर तिला मी आठवडाभर बेडपॅन धुवायला लावले असते.

दुपारी मी त्यांचा डबा घेऊन खोलीवर गेले. दार उघडंच होतं. ते पलंगावर बसले होते आणि टी-शर्ट बदललेला नव्हता.

"आप्पा, चुकलं माझं."

"असू द्या. उपमा तसाही गार होता."

माझं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला माहितीय गार असतो ते?"

"सिस्टर, माझा हात हालतो. जिभेला काय झालं?"

मग आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं फारसं नव्हतं, पण हसलो. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंत का? नाही. कधीपासून आहे? दोन वर्षं होत आली. म्हणजे इथे येण्याआधीपासून. तेव्हा ते मुलीकडे हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. आतल्या खोलीत मुलीची सासू, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या खोलीत मुलगी, जावई आणि बारावीचा नातू. एक दिवस चहा पिताना कप बशीवर वाजला. मुलगी आत सासूला भरवत होती, म्हणून तिला ऐकू गेलं नाही. त्या आठवड्यात यांनी जाहीर केलं, की आपल्याला म्हाताऱ्यांच्या संकुलात राहायची फार वर्षांची हौस आहे.

"नामपूरच्या माणसाला कसली हो हौस असल्या संकुलाची?" मी म्हटलं.

"तीच तर पटवायची होती ना तिला. म्हणून रोज पुकारतो." मग आवाज त्यांच्या परीने खाली आणून ते म्हणाले, "पोरीला सांगायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली, पण अट घातली. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. कंपवातच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांच्या वेळा मी सांभाळायला लागले, फोन मी धरायला लागले आणि प्राचार्य, कोणी न सांगता, त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायला सकाळी त्यांच्या खोलीवर जायला लागले. दगाजी आता इस्त्रीच्या शर्टात नाश्त्याला येतात. प्राचार्यांना बढती मिळाली, गोल्टीवरून थेट उन्हाळ.

एवढ्यावर हे आटोपलं असतं. पण तीन महिन्यांनी मुलीची सासू गेली. तेरावा-चौदावा उरकल्यावर पुढच्या रविवारी मुलगी आली. वैशाली. यायची ती एरवीही, महिन्यातून एकदा, घाईघाईने, सासूजवळ शेजारणीला बसवून. या वेळी मी औषधाची डबी भरायला दगाजींच्या खोलीत होते. मी उठायला लागले तर दगाजींनी डोळ्यांनीच बसवलं. पन्नाशीच्या अलीकडची बाई, पण डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं होती ती मी रात्रपाळीच्या नर्सेसच्याच डोळ्यांखाली पाहिली आहेत.

"आप्पा, घरी चला," ती म्हणाली. "खोली रिकामी झाली. रंग द्यायला लावलाय."

"मी? आता?" दगाजींनी दोन्ही हात खिशात घातले. "पोरी, आठे किती कामं शेत मला! कॅरमच्या मॅचेस शेत, मी पंच. गणपतीच्या कमिटीत शे. सिस्टरला विचार."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आहेत, इथे बरीच कामं आहेत त्यांना," मी म्हटलं. शपथ ही अशी ठिकठिकाणी आडवी येते.

"आप्पा, लोक काय म्हणतील? सासू गेली तरी बापाला तिकडेच ठेवलं?"

"लोकांना उपम्याचा व्हिडिओ पाठव!"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. मला आठे आवडतं. तुझ्याकडं काय शे? दिवसभर तुम्ही बाहेर, मी टीव्हीसमोर. आठे माझ्या शब्दाला भाव शे. जाय, रंग देऊन तुझ्या पोराला दे ती खोली. अभ्यास करेल."

बराच वेळ झाली ही ओढाताण. शेवटी ती पर्स उचलून उठली, त्यांच्या पाया पडली आणि बाहेर गेली. दगाजींनी दार लोटलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढचं वाक्य ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

"आधी सहा वर्षं आईचं केलं तिनं. मग सासूचं. आत्ता कुठं तिच्या घरातला पलंग रिकामा झाला शे, सिस्टर. त्याच्यावर मी जाऊन झोपू?"

मी वैशालीला सोडायच्या निमित्ताने खाली गेले. ती पार्किंगमध्ये स्कूटरपाशी उभी होती. किल्ली लावलेली, पण स्कूटर सुरू केलेली नव्हती.

"सिस्टर," ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"कसल्या गोळ्या?" मी जमेल तितक्या निर्विकारपणे विचारलं.

"कंपवाताच्या. डबी भरत होतात तुम्ही. त्यातली एक मी ओळखते, माझ्या चुलतसासऱ्यांना होती." ती हसली नाही. "आणि त्याच्याही आधीपासून माहितीय. पावणेदोन वर्षं रोज व्हिडिओ येतो. एकातही उजवा हात दिसला नाही. लिलाव पुकारणारा माणूस, सिस्टर. लहानपणी मी बघितलंय त्यांना मार्केटात, बोलण्यापेक्षा हातच जास्त चालायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही. तेवढं एक त्यांच्या हातात आहे, ते कशाला काढून घेऊ?" मग ती किल्लीशी चाळा करत राहिली. "मी खरंच न्यायला आले होते. शपथ. पण ते नाही म्हणाले ना, तेव्हा मला बरं वाटलं. एकदम सुटल्यासारखं. जिना उतरेपर्यंत तसंच वाटत होतं. सिस्टर, मी वाईट आहे का हो?"

इतकी वर्षं मी नातेवाइकांना वॉर्डाबाहेर पाठवत आले. वेळ संपली, चला, गर्दी करू नका. त्यांच्यातल्या कोणी मला असं काही विचारलं नव्हतं. विचारलं असेलही, मी थांबून ऐकलं नसेल.

"वाईट नाहीस," मी म्हटलं. "दमलीयेस. घरी जा आणि झोप. न्यायला येऊ नकोस. नुसती ये. घाई न करता."

ती पुढच्या रविवारी आली. सकाळी दहाला आली आणि घड्याळ न बघता बसली. दगाजींच्या खोलीपुढच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या ओढून बापलेक बसले होते. मी माझ्या दारात भाजी निवडत होते, म्हणजे ऐकत होते. दगाजी नामपूरच्या कुठल्यातरी जुन्या व्यापाऱ्याची नक्कल करत होते आणि वैशाली खळखळून हसत होती. हसता हसता तिने पर्समधून नेलकटर काढलं आणि त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"किती वाढवलीत नखं, आप्पा."

ते बोलतच राहिले. व्यापारी, त्याचा मुनीम, मुनिमाची सायकल. डाव्या हाताची पाचही नखं झाली. तिने तो हात सोडला, मांडीवर पडलेली नखं झटकली आणि नेलकटर हातात धरून तशीच बसून राहिली. मागितलं काही नाही. समोरच्या खाचरांकडे बघत राहिली.

दगाजींची गोष्ट मधेच कुठेतरी अडकली. मुनीम सायकलवर बसला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तो थरथरत होता. तिने मनगटाला धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, घट्ट पण दुखणार नाही असं, आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या पाच नखांना फार वेळ लागला. माझी सगळी मेथी निवडून झाली तरी ती अजून करंगळीपाशीच होती.